उपासवाली

देऊळघाट,
गुरुवार, सकाळी सहा

प्रिय अनुपमा,

दरवेळी पत्राच्या सुरुवातीला मी दोन ओळी हवापाण्याच्या लिहितो, कडुनिंब मोहरला, पहाटे धुकं होतं, असलं काहीबाही. आज त्यातलं काही नाही. मी संतापलेलो आहे. तू फोन उचलत नाहीस. माझा नाही, आईचा नाही, तुझ्या भावाचा, हरिओमचा तर नाहीच. काल शेवटी तुझ्या खोलीतल्या राखीनं आपण होऊन फोन केला. चांगली पोरगी आहे. "काका, ताईनं मले सांगू नको म्हणलं होतं, पण मी सांगून राह्यली," म्हणाली. बारशाहून परत गेलीस त्याला अकरा दिवस झाले, आणि या अकरा दिवसांत तू धड एकदाही जेवली नाहीस. चहा, दोन बिस्किटं, पाणी घोटभर. सकाळी बसणं बंद केलंस. ती पाण्याची पिशवी आणि नळी धुऊन, वाळवून, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकलीस. कॉलेजच्या ऑफिसात रजेचा अर्ज दिलास. काल सकाळी उलटी झाली आणि पोट हाताला लाकडासारखं लागतं, असं राखी म्हणते. तिनं जेवायला ताट केलं तर तू म्हणालीस, "माहा उपास हाय."

उपास! चौतीस वर्षांची बाई तू. तुझं पोट तुला आतून काही सांगत नाही. कधी भरलं, कधी यायला झालं, आलं की नाही, कशाचाच निरोप नाही. अशा पोटाला तू आठ वर्षं खपून वळण लावलंस, आणि एका दुपारी चार बायांनी पदर नाकाला लावला म्हणून ते सगळं माळ्यावर टाकलंस? मला तुझा राग आला आहे, अनु. तू लहान असताना मला तुझा असा राग कधी आलाच नाही. तेव्हा मी तुझी फक्त कीव करायचो. हा राग मला आज जरा बरा वाटतो आहे, म्हणून तो तसाच लिहितो.

तुला ठाऊक असलेल्याच गोष्टी मी लिहिणार आहे. पण या गोष्टींवर तू आणि मी समोरासमोर बसून आयुष्यात एकदाही बोललेलो नाही. आईशी तू बोललीस, कोकिळा सिस्टरशी बोललीस, कारभारीमामाशी तर चारचौघांत बोलावंच लागायचं, कारण तो विचारायचाच तसा. माझ्याशी नाही. मी खोलीत आलो की तुम्ही मायलेकी गप्प व्हायच्या आणि मी पुस्तक उघडायचो.

चौथीचा वर्ग आठव. मला त्या शाळेची अजून स्वप्नं पडतात. शेणानं सारवलेली जमीन, उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात तरंगणारी खडूची धूळ, आणि चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणू लागली की पत्र्यावरच्या चिमण्या भुर्रकन उडायच्या. गणित मी पोरांइतकंच भिऊन शिकवलं. गद्याचा तास कसाबसा संपवायचो. पण कविता! टेबलावर बोटांनी ठेका धरून, चाल लावून, शेवटची ओळ दोनदा. तू दाराजवळच्या पहिल्या पट्टीवर बसायचीस, पायांना लोखंडी कॅलिपर, शेजारी कुबडी. आणि कधी कधी तुझ्या बाजूनं वास यायचा. पोरं एकमेकांकडे बघायची. मग मी पुस्तक मिटून म्हणायचो, चला रे, आज कविता झाडाखाली. पोरं ओरडत कडुनिंबाकडे पळायची. एकाला मी घरी पिटाळायचो, आई बादली आणि लुगड्याचा तुकडा घेऊन यायची, आणि वर्गात तुम्ही दोघी काय ते आवरायच्या. बाहेर आम्ही ढगांच्या आणि पाखरांच्या कविता म्हणत असायचो. मला वाटायचं, केवढं हळुवारपणे निभावलं मी! कुणी पोरीला एका शब्दानं दुखावलं नाही.

तू तिसेक वर्षांची झाल्यावर एकदा हसत हसत मला सांगितलंस की मधल्या सुट्टीत वर्गातला कचरू तुझ्याजवळ यायचा आणि म्हणायचा, "अनु, आज कर ना वं. गुर्जी झाडाखाली नेतीन." तू पोट धरून हसत होतीस. मी उठून अंगणात गेलो. त्या दिवसापासून मला एकही कविता चालीवर म्हणता आलेली नाही, हे तुला मी सांगितलेलं नाही. शंभरेक कविता पाठ आहेत मला. त्यांत दव आहे, झरे आहेत, आईचं काळीज आहे. पोटाखालचा माणूस एकाही कवितेत नाही. मी वेडा, मला वाटलं, जे कवितेत नाही ते बोलायचं नसतं.

आणि मग उपास. तो शोध आईचा म्हणतात सगळे, पण त्याला मान डोलावणारा मी होतो. सहावीची सहल लोणारला निघाली होती. दिवसभर गाडीत, संडासाची सोय कुठे असेल नसेल. आईनं आदल्या दुपारपासून तुला काही खाऊ दिलं नाही. सहलीत बाईंनी डबा का नाही विचारलं तर तू शिकवल्याप्रमाणे सांगितलंस, सोमवार आहे. त्या दिवशी काही झालं नाही. झालं, आम्हाला वाटलं गुरुकिल्लीच सापडली! मावशीच्या लग्नाला चतुर्थी, परीक्षेला गुरुवार, गॅदरिंगला प्रदोष. कॅलेंडरात जेवढे वार होते तेवढे तुझ्या नावावर लागले. गावानं तुला नाव दिलं, उपासवाली अनु. नवरात्रात बाया तुला कुमारिका म्हणून पहिल्या पाटावर बसवायच्या, पाय धुवायच्या, "एवढीशी पोर आन् केवढी निष्ठा वं माय!" म्हणायच्या. लोखंडी कॅलिपर काढून तुझे ते बारीक पाय परातीत ठेवलेले मला दिसतात. तू माझ्याकडे बघायचीस. मी कौतुकानं हसायचो. लाज वाटते मला, अनु. राग येतो. उठून त्या परातीला लाथ मारावी असं आज वाटतं.

आणि उपासाला खायला काय द्यायचो? साबुदाणा, बटाटा, शेंगदाण्याचा लाडू. पाणी मोजून, कारण लघवीचीही तीच कथा. ज्या आतड्याला मुळात ढकलायची ताकद नाही त्यात आम्ही चिकट खळ भरत होतो. मग तुझे कपडे रोज खराब होऊ लागले, थोडे थोडे, पातळ. आम्ही म्हटलं जुलाब. गावातल्या डॉक्टरनं बांधायच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थांबेना तेव्हा आम्ही उपास वाढवले. कित्येक वर्षं, अनु! एकानंही, शिकलेल्या गुरुजीनंही, तुझ्या पोटावर हात ठेवून पाहिलं नाही.

तो हात ठेवला कारभारीनं. तुझ्या मामाचं आणि माझं कधी जमलं नाही, तुला ठाऊक आहे. माणूस मोठ्यानं बोलतो, मोठ्यानं ढेकर देतो, वांगी आणि पाऊस याशिवाय तिसरा विषय नाही. आणि तुला पाहिलं की पहिलं वाक्य ठरलेलं. लग्न असो, मयत असो. "काऊन वं अनु, झालं का पोट साफ?" मांडवातली माणसं वळून बघायची. तू खाली मान घालायचीस आणि माझ्या डोक्यात सणक जायची. तीस वर्षं मी त्याला मनातल्या मनात गावंढळ म्हणत आलो. पण तू सव्वीस वर्षांची असताना, तुला उलट्या सुरू झाल्या आणि पोट फुगून नगाऱ्यासारखं झालं, तेव्हा मी लिंबू सरबत करत होतो. कारभारी बाजाराला निघाला होता, सहज डोकावला. तुझ्या पोटावर पंजा ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "भाऊजी, हे पोट हाय का दगड?" वांग्यांची कॅरेटं त्यानं तिथंच रस्त्यावर उतरवली, पिकअपमध्ये गादी टाकली आणि आपण अकोल्याला गेलो. दवाखान्याच्या दारातून तो ओरडत गेला, "पोरीले आठ दिवसापासून संडास नाही, डाक्टर कुठी हायेत?" शंभर माणसं बघत होती. मी खांबाआड उभा राहिलो. खरं सांगतो, खांबाआड.

कोकिळा सिस्टर तिथं भेटल्या. तुझ्या पोटाचा एक्स-रे फोटो उजेडाला धरून त्यांनी मला दाखवला आणि त्यांच्या बोलीत म्हणाल्या, "गुर्जी, हे जुलाब नाईत. धरण भरलं हाय आतमंधी. वरून सांडते तेवढंच तुम्हाले दिसते. आन् तुम्ही सांडवा बंद करून राह्यले होते." मग विचारलं, एवढे उपास कोणी करायला लावले? आई पदराशी चाळा करत राहिली. मी फोटोकडे बघत राहिलो. आणि तू, नाकात नळी, ओठ सुकलेले, म्हणालीस, "मलाच आवडतात." आमची अब्रू तू तेव्हाही राखलीस.

त्यानंतरचं सगळं तुझं आहे. त्यात माझा काडीचा वाटा नाही, म्हणून मी ते अभिमानानं लिहू शकतो. सिस्टरनी शिकवलं आणि तू एकटीनं निभावलंस. पहाटे उठून गरम पाणी, चहा, अर्धी भाकर, म्हणजे पोटाला आपोआप जी हालचाल सुटते तिचा फायदा घ्यायचा. वीस मिनिटांनी कमोडवर, पायाखाली पाट, गुडघे वर. कोमट पाणी नळीनं आत, सावकाश, घाई केली की कळ येऊन घाम फुटतो. मग हातानं पोट चोळायचं, उजवीकडून वर, आडवं डावीकडे, मग खाली. मग थांबायचं. पाणी पुन्हा सगळं बाहेर येईपर्यंत थांबायचं. दिवसाआड, एकच वेळ, सणवार काही असो. ज्वारीची भाकर, डाळ, शिजलेली भाजी, पाण्याच्या बाटल्या. पहिले सात महिने किती वेळा फसलं! तू रडलीस, पिशवी भिंतीवर आपटलीस, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बसलीस. आणि मग एक महिना गेला, दोन गेले, कपडे कोरडे. तू नांदुऱ्याची नोकरी धरलीस. स्वतःच भाड्याची खोली शोधलीस, आधी संडास बघून मग खिडक्या बघितल्यास. मी एकदा तुला म्हटलं, त्या तासभरात कवितेचं पुस्तक वाचत जा. तू म्हणालीस, "बाबा, मी कापसाचे भाव ऐकते रेडिओवर. त्यानं पोट बरं हलतं." आणि भिंतीवरच्या त्या मोठ्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणालीस, "लोकांचं घड्याळ पोटात असतं. माझं पोटात बसवायचं राहिलं, म्हणून भिंतीवर लावलं." मला तेव्हा वाटलं, ही माझ्यापेक्षा चांगली कवयित्री आहे.

ते घड्याळ अकरा दिवसांत मोडीत काढलंस. कशासाठी, तर बारशाच्या दिवशी झालं त्यासाठी. मग तो दिवसही लिहितो.

हरिओमच्या मुलीचं बारसं. घरात पस्तीस माणसं उतरलेली. अंगणातला संडास एक, आणि आतला कमोडाचा एक, जो तूच बसवून घेतलास. आदल्या संध्याकाळी दीपमाला वहिनीनं, शहाण्या मुलीनं, आपल्या हातानं कागदावर लिहिलं, "सकाळी सहा ते सात – अनुताई" आणि कणकेनं तो दारावर चिकटवला. तू तिला मिठी मारलीस हे मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. सकाळी तो कागद दारावर नव्हता. साडेसहाला अंगणात सहा-सात पाहुणे टॉवेल घेऊन उभे. आणि तू आत, नुकतंच पाणी घेतलेलं. तेवढ्यात दारावर थापा पडल्या. तीन. जोरात. पुन्हा तीन. तू घाबरलीस, अर्ध्यातून उठलीस, कशीबशी कपडे सावरून बाहेर आलीस, तर समोर कारभारी, तोंडात ब्रश, खांद्यावर टॉवेल. तू त्याला म्हणालीस, "मामा, तुम्ही पण?" तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "घाई होती वं बाई. म्हाताऱ्याचं पोट." आणि आत गेला. तू त्याच्याशी त्यानंतर एक शब्द बोलली नाहीस. त्याच्या हातचं चुरम्याचं ताटही परत केलंस.

दुपारी पंगतीत व्हायचं ते झालं. तू खुर्चीवर बसली होतीस, दोन्ही बाजूंना बाया, दुसरा वाढा चालू. मला लांबून वाढप्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. पदर नाकाला लागले. एकजण उठून दुसऱ्या ओळीत गेली. तू हलू शकत नव्हतीस, उठलीस तर खुर्ची दिसेल. आणि तेव्हा मी उभा राहिलो. तुला वाटलं असेल, बाबा आता येतील, आपल्याभोवती शाल टाकतील, हाताला धरून आत नेतील. मी तिथूनच मोठ्यानं बोललो, अगदी वर्गात बोलायचो तशा आवाजात, "अनुचा आज उपास होता हो. आग्रह झाला म्हणून जेवली. बाधलं तिला." आणि पंगत सुटल्यासारखी बोलू लागली. "असं का! मंग उपास मोडला नं, म्हणून झालं." "देवाचं हाय ते, चालत नाही तसं." शेजारच्या जयाबाईंनी तर हात जोडले. म्हणजे चूक तुझी झाली. देवाजवळ. तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस, अनु. लहानपणी परातीत पाय ठेवून बघायचीस, तसं नाही. तुला आता माझ्याकडून काही नको होतं, असं ते बघणं होतं. आईनं आणि दीपमालानं चादर धरून तुला आत नेलं आणि तीनच्या गाडीनं तू गेलीस.

या अकरा दिवसांत मी सगळ्यांवर चिडलो. बायांवर, पाहुण्यांवर, एकच कमोड म्हणून हरिओमवर. सगळ्यात जास्त कारभारीवर. जेवताना आईला म्हणायचो, तुझ्या भावाला तासभर दम निघाला नाही? आई ताट वाढून निघून जायची.

काल राखीचा फोन ठेवला आणि मी कोकिळा सिस्टरना लावला. त्या अजून तिथंच आहेत. सगळं सांगितलं. सांगताना म्हणालो, बघा, एवढी वर्षं केलं आणि शेवटी पद्धतीनं दगा दिलाच ना. त्या फटकन म्हणाल्या, "पद्धतीनं काऊन दगा देईल? अर्ध्यातून उठली तर उरलेलं पाणी कधी ना कधी येईनच. तिची काय चूक? उठवलं कोणी तिले?"

आई समोर लसूण सोलत होती. तिनं हात थांबवले नाहीत, पण मान वर केली.

मी म्हणालो, "मी."

ते दार मी वाजवलं, अनुपमा. कागदही मीच काढला होता, पहाटे पाचला, नखानं कणीक खरवडून. पाहुणे वाचतील, तासभर कशाला म्हणून विचारतील, मग काय सांगायचं, याची लाज. साडेसहाला अंगणात माणसं ताटकळलेली बघून मला घाम फुटला. हरिओमच्या सासरचे लोक होते त्यांत. कुणी काही म्हणत नव्हतं. मीच गेलो आणि वाजवलं. आवाज दिला नाही, कारण आवाज ओळखला असतास. कडी वाजल्याबरोबर मी बाहेर येऊन झेंडूचं तोरण सारखं करू लागलो. कारभारी बिचारा बोळीतून येत होता. त्यानं मला पाहिलं होतं. तू त्याला विचारलंस तेव्हा तो गप्प राहिला तो तेवढ्यासाठी. आणि आईनंही पाहिलं होतं. काल फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मले तवाच माहीत होतं. मी वाट पाहून राह्यली होती, कधी बोलता तं." आणि लसूण घेऊन आत गेली.

संध्याकाळी मी कारभारीच्या मळ्यात गेलो. वाफ्याच्या कडेला उभं राहून सांगितलं की बाबा, अकरा दिवस तू माझ्या नावचं ओझं वाहतो आहेस. त्याला वाटलं मी भांडायला आलोय. मग फावडं टेकवून म्हणाला, "भाऊजी, मले शिव्या खायची सवय हाय. पण तुमचं नाव तिले कळलं असतं तं ती कोणाच्या घरी आली असती?" आणि वर म्हणतो, "तशीबी नाहीच आली. उगाच वांगी सडली माही." वांग्यांचा काय संबंध ते त्यालाच ठाऊक. पण मी तिथं बांधावर बसून रडलो आणि तो मला पाणी पाजून, शेवटी, "चाला आता, डास चावते," म्हणाला.

काल रात्रीच मी हरिओमला, दीपमालाला, आणि जयाबाईंनाही सांगितलं. उपास नव्हता, कधीच नव्हते. पोरीला स्पायना बिफिडा आहे, कण्याचं जन्मापासूनचं दुखणं. तिच्या आतड्याला निरोप पोचत नाही, तिला सकाळी तास लागतो, आणि त्या दिवशी तो तास मी मोडला. जयाबाई म्हणाल्या, "अवो गुर्जी, मंग आधी नाही का सांगायचं? आमच्या बुढ्यालेबी लकव्यापासून हेच हाय. मी कोणाले विचारू म्हणून बसली होती." तुझ्याकडून ती पाण्याची पिशवी कुठे मिळते ते विचारून घ्यायला सांगितलंय त्यांनी. बघ, तीस वर्षं मी ज्यांच्यापासून लपवलं त्या बाईच्या घरात तेच होतं. मला हसू आलं नाही. स्वतःच्या थोबाडीत मारावी असं वाटलं.

आता हे पत्र मी का लिहिलं ते ऐक. तू राखीला सांगून ठेवलं आहेस की मामा आले तर दार उघडू नको. राखीनं हे पत्र वर तुझ्या हातात दिलं असेल, तर ज्यानं ते देऊळघाटाहून आणलं तो कारभारी आत्ता तुझ्या जिन्याखाली गाडीपाशी उभा आहे. गाडीत गादी टाकली आहे, आई पुढच्या सीटवर बसली आहे. सिस्टर म्हणाल्या, उलटी झाली म्हणजे आता दिवस घालवायचा नाही, सकाळीच आणा. दुपारी दोनपर्यंत त्या ड्यूटीवर आहेत, डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. तू त्या माणसाला माझ्या पापासाठी दारातून परत पाठवू नकोस. मीही गाडीत बसलो होतो. आईनं खाली उतरवलं. म्हणाली, तिचा राग पोटात मावत नाही आत्ता, तुम्ही नका येऊ. म्हणून या शेवटच्या ओळी मी ओट्यावर बसून लिहितो आहे, गाडी दारात थांबली आहे. माझ्याशी बोलू नकोस, वर्षभर बोलू नकोस, या घरात पाऊल टाकू नकोस, मला चालेल, म्हणजे चालणार नाही, पण मी सहन करीन. माळ्यावरची पिशवी राखीला काढायला सांग, सोबत घे, आणि खाली उतर. कारभारी जिन्यातच ओरडून विचारेल, झालं का पोट साफ. त्याला मोठ्यानं सांग, नाही झालं, माझ्या बापामुळे. सगळी गल्ली ऐकू दे.

तुला तोंड दाखवायचा हक्क गमावलेला, तरी तुझाच,
बाबा